कव्हर लेटर, विधी इंटर्नशिपचे : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लेखन

कायद्याच्या विद्यार्थ्याने वकील, लॉ फर्म, न्यायालय किंवा एखादा आयोग यांच्याकडे इंटर्नशिप मागताना बायोडेटासोबत जोडायचे पानभराचे पत्र चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड, कोपायलट यांसारख्या साधनांकडून पूर्णतः वा अंशतः लिहून घेण्याची रीत. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाले, त्यानंतर ही रीत पसरली. ग्रामरली, क्विलबॉट ही भाषा सुधारणारी साधने त्याआधीही विद्यार्थ्यांच्या हाती होती. त्यामुळे आरंभ कोठून धरावा हे व्याख्येवर अवलंबून राहते. लिहिलेले सुधारणे आणि मुळात मजकूर रचणे या क्रिया वेगळ्या मानल्या, तर 2022-23 हा काळ अधिक सयुक्तिक ठरतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः इंदूरमधील मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात आहे.

पूर्वपीठिका : काम मागणाऱ्या पत्राचे सर्वांत जुने उदाहरण म्हणून लिओनार्दो दा व्हिंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याला उद्देशून केलेल्या मसुद्याकडे बोट दाखवले जाते. त्याचा काळ सर्वसाधारणपणे 1482 च्या सुमाराचा मानतात, काही जण तो दोन-तीन वर्षे पुढे नेतात. मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात हा मसुदा आहे. त्यात पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे अशी युद्धोपयोगी कामे क्रमवार मांडली असून चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी येतो. मागणाऱ्याला आपल्यातले काय श्रेष्ठ वाटते यापेक्षा देणाऱ्याला काय हवे आहे ते आधी; कव्हर लेटरचा आजचा नियमही हाच. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब दुसरीच आहे. मसुद्यातील अक्षर लिओनार्दोचे नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो त्याने सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पत्र प्रत्यक्ष पाठवले गेले किंवा कसे, याविषयी निश्चित पुरावा नाही.

मराठी दप्तरपरंपरेत पत्र दुसऱ्याने लिहिणे हाच शिष्टाचार होता. मजकूर सांगणारा वेगळा आणि मायना बांधणारा चिटणीस किंवा कारकून वेगळा. यादवकालीन मंत्री हेमाद्रीच्या नावावर परंपरेने सांगितले जाणारे ‘मेस्तक’ दप्तरलेखनाचे नियम देते. त्याच्या उपलब्ध पाठांचा काळ मात्र सावधपणेच ठरवावा लागतो, आणि ते मागाहून वाढत गेले असावेत असे मानणे सुरक्षित. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी’ यासारखे ठरीव मायने पत्रलेखकाची योग्यता सांगत नसत, ते फक्त नाते आणि दर्जा सांगत. योग्यता पुढच्या मजकुरात दिसे. मंदसौरच्या 1818 च्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली, तेव्हा ही पद्धत तेथील दप्तरातही होती. पुढे न्यायालयांच्या आवारात बसून अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसांनी तीच सोय सामान्य पक्षकाराला करून दिली. साधनाकडून पत्र लिहून घेणे ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही, एवढे यावरून म्हणता येते. पण अर्जनवीस समोरच्या माणसाला प्रश्न विचारून लिहीत असे, हा फरक विसरता कामा नये.

नियमांची चौकट : भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतील नियम 25 नुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. ती स्वयंसेवी संस्था, वकील, न्यायपालिका, नियामक संस्था, विधिमंडळ, लॉ फर्म, कंपनी, स्थानिक स्वराज्य संस्था यांपैकी कोठेही करता येते. संपूर्ण काळात एकदा तरी कनिष्ठ व अपील न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांकडे उमेदवारी व्हावी, अशी अट आहे. कोणत्याही वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक इंटर्नशिप नसावी, असेही परंतुक, म्हणजे मूळ नियमाला जोडलेली अट, आहे. या परंतुकाचे दोन अर्थ लावता येतात. वर्षाला एकूण चारच आठवडे, हा पहिला. त्याला आकडेमोडीचा आधार आहे, कारण पाच वर्षांचे वीस आणि तीन वर्षांचे बारा आठवडे नेमके जुळतात. सलग काळ चार आठवड्यांचा, पण वर्षातून एकाहून अधिक वेळा चालेल, हा दुसरा. नियमात ‘सलग’ अशी मर्यादा स्पष्ट घातलेली असल्याने दुसरा अर्थ शब्दांना अधिक धरून आहे. कोणताही अर्थ घेतला तरी पाच वर्षांच्या विद्यार्थ्याला किमान पाच वेळा जागा शोधावी लागते, आणि प्रत्येक जागेमागे कित्येक पत्रे अनुत्तरित राहतात. साधनांकडे वळण्याचे पहिले कारण हेच. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

इंदूरची भाषिक स्थिती : मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला असून इंदूर व ग्वाल्हेर येथील खंडपीठे 1968 पासून कायम आहेत. संविधानाच्या अनुच्छेद 348 (2) खाली या न्यायालयात हिंदीच्या वापराला 1971 मध्ये संमती मिळाली. जिल्हा न्यायालयाचे कामकाज हिंदीत चालते. रामबाग किंवा लोकमान्य नगरातील मराठी घरातला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, न्यायालयात ‘पेशी’ (सुनावणी) आणि ‘वकालतनामा’ हिंदीतून शिकतो आणि मुंबई-दिल्लीच्या लॉ फर्मला पत्र मात्र इंग्रजीत पाठवतो. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या परिसरात शिकणाऱ्या कित्येकांची शालेय माध्यमभाषा हिंदी असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत इंटर्नशिपचे अर्ज एकत्रितपणे पाठवणाऱ्या विद्यार्थी-समित्या आणि मसुदा तपासून देणारे वरिष्ठ विद्यार्थी असतात. भोपाळला असे विद्यापीठ 1997 पासून आहे, इंदूरला नाही. ज्याच्या घरात वकिली नाही आणि इंग्रजीही नाही, त्याच्यासाठी मसुद्यावरून हात फिरवणारे कोणी मिळणे ही मोठी गोष्ट आहे. साधनांच्या वापराची चर्चा करताना ही बाजू सर्वांत आधी मांडली पाहिजे.

लेखनाची क्रिया : ही साधने मोठ्या भाषिक प्रारूपांवर चालतात. आधीच्या मजकुरानंतर कोणता शब्दखंड येणे संभाव्य आहे याचे गणित करून ती वाक्य पुढे नेतात. म्हणून ‘लॉ फर्मसाठी कव्हर लेटर लिहून दे’ एवढीच सूचना दिली, तर हजारो पत्रांत जे सर्वाधिक वेळा येते तेच परत मिळते : नामांकित संस्थेविषयी आदर, शिकण्याची तीव्र इच्छा, संशोधनाची आवड. यात खोटे काही नसते आणि विद्यार्थ्याचेही काही नसते. उलट ‘गेल्या डिसेंबरात चेक न वटल्याच्या, म्हणजे कलम 138 च्या, तक्रारींत मागणी नोटिशीच्या मुदती मोजण्याचे काम केले’ एवढी एक ओळ दिली, की पत्राला कणा मिळतो. ही ओळ साधनाला ठाऊक असणे शक्य नाही. मराठीत किंवा हिंदीत आधी आपली कामे, त्यांत काय कळले आणि याच कार्यालयाकडे का जायचे, हे लिहून काढावे आणि मग त्याचे इंग्रजी करून घ्यावे, हा क्रम उलट क्रमापेक्षा निःसंशय चांगला आहे.

दोष : सर्वांत घातक दोष म्हणजे रचलेली माहिती. न केलेली मूट कोर्ट (अभिरूप न्यायालय) स्पर्धा, न लिहिलेला शोधनिबंध, त्या फर्मने कधीच न लढवलेला खटला असे तपशील साधन सहजपणे घालते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात मॅटा विरुद्ध एव्हियान्का या प्रकरणात चॅटजीपीटीने दिलेले बनावट निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना जून 2023 मध्ये 5,000 डॉलर दंड झाला. पत्रातील असा दोष न्यायालयापर्यंत जात नाही, पण ज्या व्यवसायात लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते त्याच्या दारातच तो घडतो. दुसरा दोष जुन्या कायद्यांचा. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू आहेत. तरी साधनांच्या मजकुरात फसवणुकीसाठी भारतीय दंड संहितेचे कलम 420 येते, तेथे आज न्याय संहितेचे कलम 318 हवे. फौजदारी वकील हे पहिल्या वाचनातच टिपतो.

ओळखण्याचा प्रश्न : पत्र साधनाने लिहिले आहे हे ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये काढलेले असे साधन अचूकता कमी असल्याने त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये सात शोधक साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले 91 निबंध त्यांनी वापरले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्रलिखित ठरवले गेले, आणि अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र ही साधने जवळजवळ बिनचूक निघाली. कारण असे सांगितले जाते, की मर्यादित शब्दसंग्रहाचे सरळ इंग्रजी यंत्राच्या इंग्रजीसारखे भासते. हिंदी वा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले पत्रही या चाळणीत अडकू शकते. केवळ शोधक साधनाच्या निर्णयावर अर्ज नाकारणे म्हणूनच समर्थनीय नाही.

गोपनीयता : आधीच्या इंटर्नशिपचे वर्णन करताना पक्षकाराचे नाव, प्रकरण क्रमांक किंवा मसुदा साधनात टाकणे गंभीर आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 132 वकील व पक्षकार यांच्यातील संवादाला संरक्षण देते आणि ते दुभाषे तसेच वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही लागू करते. विनावेतन इंटर्न ‘कर्मचारी’ ठरतो का, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे. संरक्षण पक्षकारासाठी आहे हे ध्यानात घेता, इंटर्नला या कक्षेत धरणे अधिक योग्य. केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी काढलेले कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक धोरण इंटर्नांनाही लागू केले आहे, ही बाब या मताला पूरक आहे. पत्रात ‘एका मालमत्तेच्या वादात’ एवढे पुरते.

मूल्यमापन : अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलेल्या संकेत-सिद्धांतानुसार एखादा संकेत उपयोगी ठरतो तो त्यासाठी पडणाऱ्या कष्टांमुळे, आणि ते कष्ट सर्वांना सारखे नसल्यामुळे. सफाईदार पत्र सर्वांनाच फुकट मिळू लागले, तर त्यावरून परिश्रमी विद्यार्थी ओळखता येत नाही. याच आधारे कव्हर लेटर आता निरर्थक झाले, असे एक मत आहे. दुसरे मत असे, की सफाईचे मोल गेले तरी तपशिलाचे राहिले. पूर्वी चांगल्या इंग्रजीलाच गुणवत्ता समजले जाई, आणि त्यात इंदूरसारख्या शहरांतील विद्यार्थी मागे पडत. तो अडसर कमी होणे इष्टच आहे, म्हणून दुसरे मत अधिक न्याय्य वाटते.

स्थानिक व्यवहार : इंदूरच्या जिल्हा न्यायालयातील वकिलांकडे इंटर्नशिप बहुधा प्रत्यक्ष भेटीने किंवा ओळखीने ठरते. पत्र लागलेच तर महाविद्यालयाचे शिफारसपत्र पुरते. लॉ फर्म, आयोग व उच्च न्यायालय यांच्यासाठी मात्र लेखी अर्ज लागतो. महाविद्यालयाची उन्हाळी सुटी आणि उच्च न्यायालयाची सुटी मे-जूनमध्ये एकमेकींवर येतात. सांगितल्याशिवाय साधन हे लक्षात घेत नाही आणि पत्रात जूनचा पहिला आठवडा सुचवून मोकळे होते. खंडपीठासमोर काम करणाऱ्या वकिलाला लिहिताना डिसेंबरचे किंवा जूनअखेरचे आठवडे मागावेत.