पार्श्वभूमी : ‘शीतनिद्रेचं इंजेक्शन’ आलं कुठून?

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला पेशंट अतिदक्षता विभागात असला की मिरजेत काय किंवा कराडात काय, नातेवाइकांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, ‘मेंदू वाचवायला अंग थंड करायचं इंजेक्शन असतं म्हणे, ते देताय का?’ ज्या अर्थाने तो विचारतो, त्या अर्थाचं इंजेक्शन नाही. पण प्रश्न हवेतून आलेला नाही.

शरीर थंड झालं की मेंदूची ऑक्सिजनची गरज घटते, दर अंश सेल्सिअसमागे साधारण सहा-सात टक्क्यांनी. १९५० च्या सुमारास कॅनडात हृदय-शस्त्रक्रियेसाठी प्राण्यांना थंड करण्याचे प्रयोग झाले. त्याच सुमारास फ्रान्समधल्या एका नौदल शल्यविशारदाने औषधांची वाट धरली. क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडिन हे त्याचं मिश्रण, आपल्याकडचे जुने डॉक्टर ज्याला अजून ‘लायटिक कॉकटेल’ म्हणतात ते. इंडोचायनातल्या युद्धात जखमी सैनिकांवरही ते वापरलं गेलं.

घोटाळा झाला तो नावाने. या पद्धतीला ‘कृत्रिम शीतनिद्रा’ म्हटलं गेलं. शीतनिद्रेत जाणारा प्राणी आपली उष्णतेची पातळी स्वतःच खाली आणतो. माणसाचं शरीर उलट हट्टाला पेटतं. तापमान ३५.५ अंशांच्या आसपास आलं की हुडहुडी भरते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि वाचवलेला ऑक्सिजन स्नायूच खाऊन टाकतात. लायटिक मिश्रण हा प्रतिकार मोडत असे. थंड करण्याचं खरं काम बर्फाच्या पिशव्या करत. औषधाने राखणदार झोपवला आणि चोरी बर्फाने केली, पण नाव झालं औषधाचं. माझ्या मते पुढच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ या नावात आहे.

मराठीत त्यात आणखी भर पडते, कारण ‘ताप’ आणि ‘अंग गरम’ यांत आपण फरक करत नाही. तापात मेंदूच शरीराच्या उष्णतेची पातळी वर चढवतो; पॅरासिटामॉल ती खाली आणतं. पातळी मुळात चढलेलीच नसेल तर ते फारसं काही करत नाही. मे महिन्यात उसाच्या फडात उष्माघात झालेल्या माणसाला म्हणूनच गोळी नव्हे, पाणी आणि वारा लागतो. पक्षाघाताच्या १,४०० रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत (२००९) रोज सहा ग्रॅम पॅरासिटामॉल देऊनही तापमान पाव अंशाइतकंच उतरलं आणि एकूण फायदा सिद्ध झाला नाही.

भारतात लायटिक मिश्रण टिकलं ते भलत्याच कारणाने. १९६१ मध्ये चेन्नईतून गरोदरपणातल्या झटक्यांवर त्याची पद्धत मांडली गेली. तिथे हेतू झटके थांबवण्याचा होता, थंड करण्याचा नव्हे. पुढे मॅग्नेशियम सल्फेट सरस ठरलं आणि कॉकटेल मागे पडलं.

२००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांनी, हृदय बंद पडल्यानंतर ३२ ते ३४ अंशांवर ठेवलेले रुग्ण अधिक बरे होतात, असं दाखवलं. त्यातही थंडावा बाहेरूनच दिला होता. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक दिसला नाही, २०२१ मध्ये ३३ आणि ‘फक्त ताप येऊ न देणे’ यांतही नाही. त्याच वर्षी भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या ४०८ नवजात बाळांच्या चाचणीत थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. आपल्याकडच्या अशा बाळांना थंड करायचं की नाही, यावर बालरोगतज्ज्ञांत अजून एकमत नाही. शब्दही बदलत गेला : आधी ‘उपचारात्मक शीतन’, मग ‘लक्ष्य-तापमान’, आता नुसतंच ‘तापमान-नियंत्रण’.

निव्वळ औषधाने थंड करण्याचे प्रयोग उंदरांत छान जमतात. २००५ मध्ये हायड्रोजन सल्फाइडने उंदीर शीतनिद्रेसारख्या अवस्थेत गेले, तेव्हा मोठी खळबळ झाली. डुकरं आणि मेंढ्यांत ते साधलं नाही. वीस-तीस ग्रॅमचा जीव भराभर निवतो, सत्तर किलोचा माणूस नाही. न्यूरोटेन्सिन या मेंदूतल्या रसायनासारखे रेणू आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या जवळची संयुगं अजून प्रयोगशाळेतच आहेत. रोजच्या कामात औषध लागतं ते हुडहुडी दाबायला : पेथिडिन, बुस्पिरोन, मॅग्नेशियम.

आणि क्लोरप्रोमाझिन-प्रोमेथाझिन? चीनमध्ये पक्षाघातावर ही जोडी पुन्हा तपासली गेली आहे. शोधनिबंधांत ‘शीतनिद्रा’ हा शब्दही परत आला आहे.