भिंतीला तडा गेलाय? पुट्टीच्या आधी पेन्सिल घ्या

सोलापुरात दिवाळी जवळ आली की पुट्टीवाल्याचा फोन लागत नाही. उन्हाळ्यात उघडलेल्या भेगा पावसाळ्यात जरा मिटलेल्या असतात, लोकांना वाटतं चला आता भरून रंग मारून टाकू, आणि मग एप्रिल-मेमध्ये त्याच जागी, अगदी त्याच वळणाने परत तडा. मग गवंड्याला शिव्या. गवंड्याची चूक असतेही कधीकधी, नाही असं नाही, पण आपल्याकडे बऱ्याचदा कारण भिंतीत नसतंच, ते पायाखालच्या काळ्या मातीत असतं.

दख्खनचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो झिजून ही माती झालीय आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे एकावर एक बसलेले अतिशय पातळ पापुद्रे, त्यांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते आणि पाणी गेलं की आकसते. मंगळवेढ्याची ज्वारी पाऊस सरल्यावर नुसत्या ओलीवर येते ती या मातीने पाणी धरून ठेवल्यामुळेच, आणि त्याच रानात मे महिन्यात जाऊन बघा, भेगेत अख्खा पंजा जाईल एवढी जमीन फाटलेली असते. आता असलं रान प्लॉटिंगमध्ये गेलं, वर दोन मजले चढले, म्हणून मातीचा स्वभाव बदलणार आहे का?

गंमत अशी की सगळं घर एकसारखं वरखाली झालं असतं तर फार बिघडलं नसतं. पण घराच्या मध्याखालची माती झाकलेली, तिची ओल टिकते, आणि कडेची माती उन्हात तापून आकसते, म्हणजे कोपरे खाली बसतात आणि मधला भाग तिथंच राहतो. विटांच्या भिंतीला दाब कितीही द्या, ताण मात्र सोसत नाही, मग ती फाटते. ती कशी फाटलीय ते नीट बघा, कारण तिथंच उत्तर असतं. तडा विटांच्या सांध्यासांध्याने जिन्यासारखा तिरपा चढला असेल आणि वर रुंद, खाली बारीक असेल तर कोपरा खचतोय. खाली रुंद आणि वर बारीक असेल तर मधला भाग बसतोय. सोबत दार चौकटीला घासायला लागलं असेल तर शंका घ्यायला जागाच नाही.

यात आपल्या गावाची एक खास भर आहे. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून घरोघरी जमिनीत हौद, तो बहुतेक पुढच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटूनच बांधलेला. हौद झिरपत असला तर त्या कोपऱ्याची माती बारा महिने फुगलेली आणि मागची बाजू कोरडीठाक, मग घर तिरपं ओढलं जातं. वरून गच्चीचा पाइप पायाशीच सोडलेला. झाडांचंही तसंच आहे, भिंतीला लागून मोठं होणारं झाड असेल तर उन्हाळ्यात ते पायाखालची ओल ओढून घेतं.

सगळ्या भेगा मातीच्या नसतात हेही खरं. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या बरोबर खाली आडवी, सरळ रेघ दिसते ना, ती उन्हाची. बाहेर ४३-४४ अंश असताना स्लॅबचा वरचा भाग ६० च्या आसपास जातो. काँक्रीटचा स्लॅब १० मीटर लांब असेल आणि तापमान ३० अंशांनी वाढलं तर तो जवळपास ३ मिलिमीटर लांबतो. विटा साधारण त्याच्या निम्म्यानेच फुगतात, आणि भिंत तर सावलीत असते. रोज दुपारी स्लॅब पुढे सरकतो, रात्री मागे येतो, आणि त्या सांध्याचं वाटोळं होतं. यावर मला पटलेला इलाज पुट्टी नाही, गच्चीवर पांढरा रंग किंवा चुना. उष्णता आत येणंच कमी होतं.

कॉलम आणि विटकाम जिथं भेटतं तिथली उभी रेघ, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी रेघ, या बांधकामातल्या असतात. पहिल्यात प्लास्टरच्या आधी जाळी मारलेली नसते, दुसरीत बहुतेक लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी पट्टी, दोन्हीकडे पुरेसा आत घेतलेला नसतो. आणि प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा म्हणजे सिमेंट जास्त, पाणी मारणं कमी. सात दिवस तरी पाणी मारायला पाहिजे, इथं मे महिन्यात सकाळी मारलेलं दहा वाजेपर्यंत सुकतं आणि टँकरचं पाणी कोण घालवणार भिंतीवर! या रेघा दिसायला वाईट, पण घर पडत नाही त्यांनी.

मग करायचं काय, तर आधी पेन्सिल घ्यायची. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करा, बाजूला तारीख टाका. मधे एका जागी भेगेच्या अलीकडे-पलीकडे एकेक ठिपका द्या आणि त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून तिथंच लिहा. पूर्वीचे मिस्त्री आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवायचे, काच तडकली की भिंत हलतेय. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. टोक खुणेच्या पुढे गेलं, अंतर कमीजास्त झालं, तर भेग जिवंत आहे, तिच्यात सिमेंट भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

जिवंत भेगेला आधी पाण्याचा बंदोबस्त. हौद दुरुस्त करा, गच्चीचा पाइप लांब न्या, घराभोवती तीन-चार फूट फरशी किंवा कोबा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला, म्हणजे कडेची माती ना एकदम भिजणार ना एकदम वाळणार. त्यानंतर भेग ग्राइंडरने जरा रुंद करून, धूळ काढून, ताणला जाणारा सीलंट भरायचा, आणि तोही हिवाळ्याच्या शेवटी, भेग अर्धवट उघडी असताना. मिटलेल्या भेगेत दिवाळीला भरलेला माल उन्हाळ्यात सुटणारच की. थांबलेल्या भेगेला इंग्रजी व्हीसारखी खाच, मग लेटेक्स (रबरासारखं चिकट द्रव) मिसळलेला सिमेंटचा मसाला, आणि कॉलमच्या सांध्यावर दोन्हीकडे सहा-सहा इंच जाळी मारून प्लास्टर. विटकाम आरपार फाटलं असेल तर टाके घालतात, म्हणजे फूटफूट अंतरावर आडव्या सांध्यात खाच घेऊन स्टेनलेस स्टीलच्या सळ्या बसवायच्या. जुन्या दगड-चुन्याच्या घरावर मात्र सिमेंट थापू नका, तिथं चुनाच लावा, तो जरा लवचीक असतो आणि बारीक चिरा तर पाणी लागल्यावर स्वतःच भरून काढतो.

बीम-कॉलमला सळईच्या रेषेत तडा आणि तांबूस डाग दिसला तर मात्र वर्षभर वाट बघू नका. आत सळई गंजतेय, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. तिथं रंगाऱ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भिंतीतली भेग ५ मिलिमीटरच्या वर गेली असेल तरी त्यालाच.

आणि नवीन बांधणार असाल तर प्लॉटवर आधी खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघा. जवळ असेल तर पाया तिथपर्यंत न्या. माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलबद्दल, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगवटा असलेल्या, जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांबद्दल इंजिनिअरला विचारा, रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) ही पद्धत आपल्याकडे अशाच मातीसाठी रुजवली. त्या साधारण ३.५ मीटर तरी खाली नेतात, कारण त्याच्या खाली मातीची ओल ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही. खर्च वाढतो, पण टाइल्स आणि पीओपीवर उडवतो त्यापुढे तो काही फार नाही.