पिसारा झडलेला मोर आणि लांडोर

जळगावच्या मोहाडी रस्त्यावर लांडोरखोरी आहे. शहराला लागून असलेलं हे वनखात्याचं रान सकाळी फिरणाऱ्यांचं आवडतं ठिकाण आहे. इथे डोंगर चढायचा नसतो की दोर लावायचा नसतो. सपाट, सोपी वाट, आजूबाजूला निंब, बाभळी, मध्येच एखादी घळ. नावातच लांडोर असल्यामुळे इथे येणारा प्रत्येक जण मोराच्या आशेने येतो, आणि दसऱ्याच्या सुमारास परतताना बऱ्याच जणांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "आज नुसत्या लांडोरीच दिसल्या, मोर एकही नाही."

मीसुद्धा काही वर्षं हेच म्हणायचो. मग एके सकाळी पूर्वी शेळ्या राखलेल्या एका आजोबांनी मला वाटेत थांबवलं. मी समोरच्या झुडपाकडे बोट दाखवून "ती बघा लांडोर" असं सोबतच्या भाचीला सांगत होतो, ते त्यांनी ऐकलं होतं.

"लांडोर नही शे भाऊ, मोर शे. मान दख ना तेनी."

"पण बाबा, पिसारा कुठे आहे त्याला?"

"झडी गया. पोयापासून झडस तो." पोया म्हणजे पोळा.

मी पुन्हा पाहिलं. पक्षी उन्हात आला आणि त्याची मान निळीशार चमकली. तेव्हापासून मी मोराच्या मागच्या बाजूकडे पाहणं सोडून दिलं आहे.

ही गफलत होण्यामागे आपल्या भाषेचाही हात आहे. लांडा म्हणजे आखूड, तोकडा. 'लांडोर' म्हणताना तो लांडा कानात घुमत राहतो, आणि पिसारा नाही ती लांडोर असा सरळ हिशोब मनात बसतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. पोळ्यानंतर तो चुकायला लागतो, कारण वर्षातले काही महिने मोरही लांडाच असतो.

मोराची पिसं दरवर्षी झडतात आणि दरवर्षी नवी येतात. आपल्याकडच्या सणांवर हे मोजलं तर लक्षात ठेवायला सोपं जातं. श्रावणात खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते तेव्हा पिसारा बहुतेक शाबूत असतो. पोळा-गणपतीच्या दिवसांत वाटेवर लांब पिसं पडलेली दिसू लागतात. दसऱ्यापर्यंत बरेच मोर मोकळे झालेले असतात. दिवाळीनंतर नवी पिसं फुटतात, ती आधी आखूड असतात, आणि महाशिवरात्रीच्या आसपास पिसारा पुन्हा भरलेला दिसतो. सगळे मोर एकाच दिवशी झडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतातच.

पिसारा झडल्यावर मोराच्या मागे काय उरतं? उरते त्याची शेपटी. पिसारा म्हणजे शेपूट ही दुसरी मोठी गैरसमजूत. पिसाऱ्याची १५० ते २०० लांब पिसं शेपटीच्या वर, पाठीच्या खालच्या भागातून उगवतात. खरी शेपटी त्यांच्याखाली दडलेली असते. ती २० आखूड, ताठ, गडद तपकिरी पिसांची असते आणि नाचताना पिसारा उभा धरायचं काम तीच करते. नाचणाऱ्या मोराला मागून पाहिलं की हा तपकिरी पंखा दिसतो. लांडोरीची शेपटीही तपकिरीच असते. म्हणजे पिसारा गेला की दोघांची मागची बाजू जवळपास सारखी दिसते.

आकारानेही फारशी मदत होत नाही. पिसाऱ्यासकट मोर दोन मीटरच्या आसपास भरतो, पण पिसारा वगळला तर चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत तो १०० ते ११५ सेंटीमीटर असतो. लांडोर साधारण ९५ सेंटीमीटर. वजनात फरक बरा आहे, मोर ४ ते ६ किलोचा आणि लांडोर पावणेतीन ते ४ किलोची, पण झुडपाआडून चालणाऱ्या पक्ष्याचं वजन आपण काय करणार? तुरा दोघांनाही असतो. डोळ्याच्या वर-खाली पांढरे पट्टेही दोघांना असतात.

मग पाहायचं कुठे? पहिली खूण मान. मोराची मान आणि छाती निळी असते. लांडोरीच्या मानेवर, विशेषतः खालच्या भागात, हिरवी झाक असते, छाती तपकिरी आणि पोट मळकट पांढरं. नीट ऊन असेल तर एवढ्यावर निकाल लागतो.

अडचण उन्हाचीच आहे. मोराचा निळा रंग कपड्याला दिलेल्या रंगासारखा नसतो. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश आदळून परततो, त्यातून तो निळा उमटतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्याच जातीची ही गोष्ट. म्हणून प्रकाश आणि आपली नजर यांचा कोन बदलला की रंग बदलतो, आणि सावलीत किंवा सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर तो विझूनच जातो. जळगावात लोक उन्हाच्या धाकाने पहाटे फिरायला येतात. त्या वेळी सूर्य खाली असतो, आणि पूर्वेकडे तोंड करून चालणाऱ्याला प्रत्येक मोर काळपट दिसतो. लांडोरीची हिरवी झाकही तशीच विझते. दोघंही मग एकाच मातकट रंगाचे वाटतात. थोडं पुढे जाऊन सूर्य पाठीशी घेतला की तोच पक्षी निळा होतो. सोप्या वाटेचा हा मोठा फायदा आहे. पायाखाली बघत बसावं लागत नाही, हवं तिथे थांबता येतं, चार पावलं मागे येता येतं.

ऊन नसेल तर पंख पाहा. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मोराच्या पंखांतली टोकाकडची मोठी पिसं विटकरी-तांबूस असतात, लांडोरीची गडद तपकिरी. हा तांबूस रंग खऱ्या रंगद्रव्याचा असल्याने ढगाळ हवेतही तो जात नाही. बसलेल्या पक्ष्यात ही पिसं बरीचशी मिटलेली असतात. पण पक्षी फडफडून उडाला, निंबावर चढला किंवा वाट ओलांडून पलीकडे झेपावला की पंख उघडतात आणि तांबूस झळक दिसते. ती दिसली की तो मोर, मग मागे काही असो वा नसो. मोराच्या मिटलेल्या पंखांच्या वरच्या भागावर फिकट आणि काळ्या बारीक पट्ट्यांची नक्षीही असते. लांडोरीचा पंख साधा, तपकिरी.

पंखाची खूण आणखी एका ठिकाणी कामी येते. मोराची पिल्लं मोठी होताना आईसारखीच दिसतात. दीड-एक वर्षाचा नर पाहून कोणीही त्याला लांडोरच म्हणेल, कारण त्याला पिसारा आलेला नसतो आणि निळाईही पुरती भरलेली नसते. पण त्याच्या पंखात तांबूस रंग असतो. पिसारा साधारण दोन वर्षांनंतर वाढू लागतो आणि पूर्ण भरायला चौथं वर्ष उजाडतं. म्हणजे रानात कायमच असे काही नर फिरत असतात, ज्यांचा पिसारा झडलेला नसतो, तर आलेलाच नसतो.

सोबतीवरूनही थोडा अंदाज येतो. लांडोर जमिनीवर, झुडपाखाली उथळ खळग्यात अंडी घालते, बहुधा ४ ते ६, आणि जवळपास २८ दिवस एकटीच उबवते. नर ना अंड्यांवर बसतो ना पिल्लं सांभाळतो. त्यामुळे भाद्रपदात मागे पिल्लांची रांग घेऊन चालणारा पक्षी दिसला तर ती लांडोर, यात शंका नको. अशा वेळी तिथेच थांबा, मुलांना पुढे पळू देऊ नका. आई बिथरली की पिल्लं पांगतात. सोबत कुत्रा आणायचाच असेल तर तो दुसऱ्या रस्त्याने फिरवा, हे मी हात जोडून सांगतो.

हे सगळं कशाला, असं एका मित्राने विचारलं. मोर काय, लांडोर काय, पक्षी तर एकच. आता बरेच जण मोबाइलवर पक्ष्यांच्या नोंदी करतात, धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात आणि चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे जाणारेही करतात. ऑक्टोबरात दिसलेले बारा पक्षी सगळेच 'लांडोर' म्हणून लिहिले, तर पुढे कोणी त्या नोंदी वाचून म्हणेल की इथले नर संपले. १९६३ पासून हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्याबद्दल आपली साधी मोजणी तरी बरोबर असावी, असं मला मनापासून वाटतं. खात्री नसेल तर नुसतं 'मोरवर्गीय, १' असं लिहा. चुकीच्या लांडोरीपेक्षा ते बरं.

पडलेल्या पिसाबद्दलही सांगतो, कारण मुलं विचारतात. आपोआप गळलेल्या पिसाचा देठ खालपर्यंत कोरडा आणि स्वच्छ असतो. उपटलेल्या पिसाच्या देठाला रक्त किंवा मांसाचा अंश राहतो. तसं पीस वाटेवर सापडलं तर ते खिशात न घालता वनरक्षकाला दाखवा.

मागच्या रविवारी भाची पुन्हा सोबत होती. घळीच्या काठावर पाच पक्षी दाणे टिपत होते, सूर्य आमच्या पाठीशी होता. तिने दोन निळ्या माना मोजल्या, दोन हिरव्या. पाचव्यावर ती अडली. मान धड निळी नाही, धड हिरवी नाही. आम्ही जागचे हललो नाही. बऱ्याच वेळाने तो पक्षी पंख पसरून पलीकडच्या काठावर उडाला, आणि ती हळूच म्हणाली, "मामा, तांबूस."