सुवार्ता सांगण्याचे पाचारण: ही आज्ञा नेमकी कोणाला?

मत्तयकृत शुभवर्तमानाचा शेवट गालीलातल्या एका डोंगरावर होतो. पुनरुत्थित येशू तेथे अकरा शिष्यांना सांगतो, की त्यांनी जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करावे, त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि त्याने जे जे सांगितले ते पाळायला शिकवावे. या वचनांना महाआज्ञा म्हणतात. सुवार्ता, म्हणजे येशूविषयीची शुभवार्ता, सांगणे हे मंडळीचे, म्हणजे चर्चचे, मध्यवर्ती पाचारण आहे, असे आज बहुतेक ख्रिस्ती पंथ मानतात आणि त्याचा आधार म्हणून आधी याच वचनांकडे बोट दाखवतात. पण ती प्रत्यक्ष ऐकणारे अकराच जण होते. त्यांच्यानंतर ही आज्ञा कोणावर बंधनकारक राहिली? बिशपांवर, खास नेमलेल्या प्रसारकांवर, ख्रिस्ती राजांवर, की बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकावर? मंडळीने याचे उत्तर वेगवेगळ्या काळी वेगवेगळे दिले आहे आणि सुवार्ताकार्याचा इतिहास याच प्रश्नाच्या धाग्याने वाचला तर तो नीट उलगडतो, असे मला वाटते.

‘सुवार्ता’ ज्या ग्रीक शब्दासाठी आपण वापरतो, तो युआंगेलियन हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. आशिया मायनरमधील प्रिएने येथील इ.स.पूर्व ९ च्या सुमाराच्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवार्तांचा आरंभ म्हणून गौरवलेला आहे. सम्राटाच्या नावाने दवंडी पिटून सांगितली जाणारी बातमी असा ज्या शब्दाचा वापर होता, तोच शब्द क्रुसावर मारल्या गेलेल्या एका माणसाविषयी उच्चारणे किती धाडसाचे होते, हे आज सहसा ध्यानात येत नाही. महाआज्ञेच्या मूळ वाक्यरचनेचाही विचार करायला हवा. तेथे आज्ञार्थी क्रियापद ‘शिष्य करा’ हे आहे आणि ‘जाणे’ त्याला जोडून येते. मराठी बायबलातील ‘जाऊन शिष्य करा’ ही रचना मुळाशी चांगलीच इमान राखते.

पहिल्या पिढीत या आज्ञेचे काय झाले, ते लूकने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील पुस्तकात दिसते. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या हत्येनंतर छळ सुरू झाला, प्रेषित यरुशलेमातच राहिले आणि बाकीचे विश्वासणारे पांगले. पांगलेले लोकच जातील तेथे वचन सांगत गेले. त्यांच्यापैकी कुप्र आणि कुरेने येथील काही जण अंत्युखियात पोहोचले आणि त्यांनी यहुदी नसलेल्या ग्रीकांनाही प्रभू येशूविषयी सांगितले. ख्रिस्ती विश्वासाच्या प्रसारातील कदाचित सर्वांत मोठे पाऊल टाकणाऱ्या या माणसांची नावे लूकने दिलेली नाहीत. पुढे याच अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना कामगिरीवर पाठवले. म्हणजे पौलाचे प्रवास हे एका मंडळीने पाठवलेल्या माणसांचे प्रवास होते. त्याच वेळी ‘सुवार्तिक’ हे वेगळे कृपादानही, म्हणजे देवाने दिलेली खास जबाबदारीही, मान्य झालेले होते. फिलिप्पाला ही उपाधी आहे आणि इफिसकरांस पत्रातील यादीत ती प्रेषित, संदेष्टे, पाळक व शिक्षक यांच्यासोबत येते. सर्वांचे काम आणि काहींची विशेष नेमणूक, हा ताण असा आरंभापासूनचा आहे.

दुसऱ्या शतकातील चित्र एका विरोधकाने रेखाटून ठेवले आहे. सेल्सस या ग्रीक विचारवंताचा ग्रंथ मूळ रूपात उरला नाही, पण त्याचे खंडन करताना ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने त्यातील बराच मजकूर उद्धृत केला. सेल्ससची तक्रार अशी, की लोकर विंचरणारे, चांभार, कपडे धुणारे असे अडाणी लोक घरातल्या कर्त्या माणसांसमोर तोंड उघडत नाहीत, मात्र मुले आणि बायका एकट्या सापडल्या की त्यांना या विश्वासाच्या गोष्टी सांगतात. त्याने हे हिणवण्यासाठी लिहिले. मला मात्र त्या काळच्या सुवार्ताकार्याचे याहून जिवंत वर्णन ठाऊक नाही. पौलानंतरच्या दोनशे वर्षांत नामांकित प्रसारक फारसे आढळत नाहीत, तरीही मंडळी वाढत राहिली, ती अशा कारखान्यांतून आणि स्वयंपाकघरांतून.

३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य मिळाले आणि ३८० मध्ये त्यांचा धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. यानंतर सुवार्ता सांगणे हे हळूहळू संन्यासी, बिशप आणि राजे यांचे काम ठरत गेले. आयर्लंडमधील पॅट्रिक, ५९७ मध्ये इंग्लंडमधील केंटला पोहोचलेला ऑगस्टीन, ६३५ मध्ये चीनच्या राजधानीत आलेला पूर्वेकडील मंडळीचा अलोपेन, ८६३ पासून स्लाव्ह लोकांसाठी लिपी व भाषांतरे सिद्ध करणारे सिरिल आणि मेथोडियस, ही त्या काळातील उजळ नावे आहेत. पण याच काळात फ्रँकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सनांना तलवारीच्या जोरावर बाप्तिस्मा घ्यायला लावले आणि नाकारणाऱ्याला देहदंड ठरवला. त्याच्याच दरबारातील विद्वान अल्क्विन याने ७९६ मध्ये पत्रे लिहून बजावले, की विश्वास ही स्वेच्छेची गोष्ट आहे. माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ढकलत नेता येईल, विश्वासापर्यंत नाही. नव्या विश्वासणाऱ्यांवर दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला देण्याची, सक्ती केल्याने सॅक्सनांचा विश्वास बुडाला, असेही त्याने सुनावले. आज्ञा राजाकडे गेली की तिचे काय होते, हे मंडळीतल्याच माणसाने इतक्या लवकर ओळखले होते, याची आठवण ठेवली पाहिजे.

सोळाव्या शतकात अमेरिका जिंकणाऱ्या स्पॅनिश विजेत्यांसमोर बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूंनी हाच मुद्दा मांडला. कॅथलिक बाजूला तेव्हा जेझुइटांसारखे संघ दूरदेशी पोहोचत होते आणि १६२२ मध्ये रोमने या कार्यासाठी स्वतंत्र खाते स्थापन केले. प्रोटेस्टंट बाजूला मात्र बराच काळ शांतता होती. महाआज्ञा केवळ प्रेषितांसाठी होती आणि त्यांच्याबरोबर ती संपली, असे तेथील अनेक धर्मपंडितांचे मत होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाने तसा अभिप्रायच दिला.

ही समजूत विद्यापीठांबाहेरच्या लोकांनी मोडली. १७३२ मध्ये जर्मनीतील हेर्नहूट या मोरेव्हियन नावाच्या प्रोटेस्टंट पंथाच्या लहानशा वस्तीतून लिओनार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निचमान हा सुतार कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावरील गुलामांकडे निघाले. साठ वर्षांनी इंग्लंडमध्ये विल्यम केरी या जोडे शिवणाऱ्या बाप्टिस्ट पाळकाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिची सुरुवातच महाआज्ञा आपल्यावर बंधनकारक आहे का, या प्रश्नाने केली. त्याचा युक्तिवाद साधा होता. शिकवण्याची आज्ञा प्रेषितांपुरती असेल, तर बाप्तिस्मा देण्याचीही तेवढीच असली पाहिजे. मग आपण बाप्तिस्मा कोणत्या अधिकाराने देतो? आणि ‘मी युगाच्या समाप्तीपर्यंत तुमच्याबरोबर आहे’ हे अभिवचन मग कोणासाठी? केरीच्या कामाच्या खोलीत भिंतीवर अनेक कागद चिकटवून केलेला मोठा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक देशाची लोकसंख्या व धर्म यांच्या नोंदी होत्या, अशी त्याचा सहकारी अँड्र्यू फुलर याने आठवण सांगितली आहे. १७९२ च्या ऑक्टोबरमध्ये केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी केरी बंगालला निघाला.

एकोणिसाव्या शतकात अशा सोसायट्यांची रांगच लागली. त्यांनी बायबलची शेकडो भाषांतरे केली, शाळा व दवाखाने उभारले. त्यांच्या कामावर वसाहतवादी सत्तेची सावलीही पडली आणि तिने झालेले नुकसान प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. आणखी एक गोष्ट नकळत घडली. वर्गणी देणारे घरी, प्रसारक परदेशी, अशी विभागणी होऊन आज्ञा पुन्हा थोड्या लोकांची झाली.

१९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे बाराशे प्रतिनिधी होते, त्यांत आशियातील विसांहूनही कमी. त्यांच्यापैकी भारतातील धर्मोपदेशक व्ही. एस. अझर्‍या यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांच्या त्यागाचा गौरव केला आणि मग सभागृहाला अस्वस्थ करणारी मागणी केली: आम्हाला मित्र द्या. सांगणारा आणि ऐकणारा एका पंगतीला बसत नसतील, तर सांगितलेली वार्ता अपुरीच राहते, हे त्यांनी थोडक्या शब्दांत दाखवून दिले.

त्यानंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत उत्तर पुन्हा संपूर्ण मंडळीकडे आले. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद जागतिक मंडळी परिषदेत विलीन झाली. १९६५ मध्ये कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तसभा (मंडळीसाठीचा कॅथलिक शब्द) स्वभावतःच मिशनरी असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामाही काढला. पोप पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये लिहिले, की सुवार्ता सांगणे हेच ख्रिस्तसभेचे पाचारण आणि तिची सर्वांत खोल ओळख आहे. वैयक्तिक विश्वास आणि सुवार्ताकार्य यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या इव्हँजेलिकल प्रवाहाने १९७४ च्या स्वित्झर्लंडमधील लोझान परिषदेत सुवार्ताकार्यासोबत सामाजिक जबाबदारीही ख्रिस्ती कर्तव्याचा भाग मानली.

२०११ मध्ये व्हॅटिकन, जागतिक मंडळी परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी मिळून ख्रिस्ती साक्षीच्या आचारसंहितेविषयी एक लहान दस्तऐवज काढला. साक्ष देणे मंडळीसाठी अनिवार्य आहे, फसवणूक व बळजबरी हा सुवार्तेचाच विश्वासघात आहे, आणि धर्म बदलण्याचा निर्णय घेणाऱ्याला पूर्ण स्वातंत्र्य व विचार करायला पुरेसा वेळ मिळालाच पाहिजे, असे तो सांगतो. अल्क्विनच्या पत्रांनंतर बाराशे वर्षांनी, इतक्या पंथांनी एकत्र येऊन, हे लिहिले गेले.