बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय मोबाइल चार्ज करू नये का?

नवा मोबाइल आधी ८ तास चार्जिंगला ठेवावा आणि बॅटरी पूर्ण उतरल्याखेरीज पुन्हा चार्जर लावू नये, हा सल्ला घरोघरी अजूनही आवर्जून दिला जातो. तो अगदीच निराधार नव्हता. जुन्या हँडसेटमधील निकेल-कॅडमियम बॅटरी वारंवार अर्धवट उतरवून चार्ज केली, की तिची क्षमता घटल्यासारखी भासे. मात्र सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीत हा दोष व्यवहारात जाणवत नाही. उलट वारंवार शून्यापर्यंत उतरवल्याने ती लवकर झिजते. त्यामुळे ४० टक्क्यांवर चार्जर लावण्यात काहीही गैर नाही. उशीखाली ठेवून चार्ज केलेला फोन तापतो, आणि ती उष्णता मात्र बॅटरीला खरोखरच बाधते.