न्यूजग्रुप निर्मितीसाठी मतदान

यूजनेट या विकेंद्रित चर्चाजाळ्यावर नवा चर्चागट (न्यूजग्रुप) सुरू करायचा की नाही, हे ठरवण्यासाठी ईमेलद्वारे घेतली जाणारी जाहीर मतचाचणी. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साधारण 2005 पर्यंत जागतिक शाखांमध्ये (सारख्या नावाने सुरू होणाऱ्या गटांच्या समूहांमध्ये) ही पद्धत चालली. काही देशांच्या आणि भाषांच्या शाखांनी ती आपापल्या बेताने लहान करून स्वीकारली. नावात मतदान असले, तरी ही निवडणूक नव्हे. हा गट खरोखर किती जण वाचतील आणि त्याचे नाव, जागा किंवा सनद (गटाची लेखी नियमावली) यांवर कोणाची ठोस हरकत आहे का, एवढेच त्यातून मोजले जाई. हा फरक लक्षात न घेतल्यानेच या प्रक्रियेतील बहुतेक भांडणे झाली.

पार्श्वभूमी : यूजनेटची कल्पना 1979 मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी मांडली. या जाळ्याला केंद्र नाही. प्रत्येक सर्व्हर शेजारच्या सर्व्हरशी संदेशांची देवाणघेवाण करतो आणि आपल्याकडे कोणते गट ठेवायचे हे त्या सर्व्हरचा चालक ठरवतो. सुरुवातीला सर्व्हर टेलिफोनवरून एकमेकांशी जोडलेले होते. त्यामुळे प्रत्येक नव्या गटाचा बोजा कोणाच्या तरी बिलावर आणि डिस्कवर पडत असे. मोठी वाहतूक पेलणाऱ्या मोजक्या सर्व्हरांचे चालक त्यामुळे आपोआप निर्णायक ठरले. त्यांना थट्टेने ‘बॅकबोन कबाल’, म्हणजे जाळ्याच्या कण्यावरचे कारस्थानी टोळके, म्हणत. 1986-87 मध्ये सर्व गटांची नावे नव्याने बांधली गेली. त्यातून कॉम्प., मिस्क., न्यूज., रेक., साय., सॉक. आणि टॉक. या सात शाखा निर्माण झाल्या. 1995 मध्ये ह्युमॅनिटीज. ही आठवी शाखा आली आणि ‘बिग एट’ हे नाव रूढ झाले. ही बांधणी मान्य नसलेल्यांनी 1987 मध्ये अल्ट. ही वेगळी शाखा काढली. तिथे मतदान नाही. चर्चा करण्याची रीत आहे, पण गट कोणीही काढू शकतो.

चर्चेचा टप्पा : मतदानाआधी चर्चेचे निवेदन प्रसिद्ध करावे लागे. सगळे त्याला आरएफडी (रिक्वेस्ट फॉर डिस्कशन) म्हणत. ते न्यूज.अनाउन्स.न्यूग्रुप्स या नियंत्रित, म्हणजे नियंत्रकाने तपासूनच संदेश सोडायच्या, गटात येई आणि त्यावरची खडाजंगी न्यूज.ग्रुप्समध्ये चाले. बराच काळ डेव्हिड लॉरेन्स हे या घोषणा-गटाचे नियंत्रक होते. पहिल्या निवेदनापासून किमान 21 दिवस चर्चा चालली पाहिजे, असा दंडक होता. मसुदा बऱ्यापैकी बदलला तर दुसरे, कधी तिसरे निवेदन काढावे लागे.

निवेदनात गटाचे पूर्ण नाव, एका ओळीचे वर्णन, गट नियंत्रित आहे की अनियंत्रित, गरजेचे समर्थन आणि सनद एवढे असावे लागे. समर्थनात भावनेपेक्षा पुरावा चालतो. हा विषय सध्या कोणत्या गटांत चर्चिला जातो, तिथे महिन्याला किती संदेश येतात, समांतर टपालयादी (ईमेलची मेलिंग लिस्ट) आहे का आणि तिचे सदस्य किती, हे आकडे दिले की निम्मे वाद मिटतात. सनद म्हणजे गटात काय चालेल आणि काय नाही याचा मजकूर. जाहिराती, मोठ्या जोडफायली, अनेक गटांत एकाच वेळी टाकलेले संदेश यांबाबतचे नियम सनदेतच लिहावे लागतात. गट निघाल्यावर त्यात भर घालण्याची सोपी वाट नसते. नियंत्रित गट असेल तर नियंत्रकांची नावे, त्यांचे संपर्काचे पत्ते आणि संदेश पाठवण्याचा वेगळा पत्ता द्यावा लागे. एकच नियंत्रक असलेला गट तो माणूस कंटाळला की बंद पडतो. म्हणून जाणते लोक आधी विचारत, ‘दुसरा कोण?’

वर्णनाची ओळ क्षुल्लक वाटते, पण ती सर्व्हरच्या यादीत जशीच्या तशी जाते. गटाचे नाव, मग टॅब, मग वर्णन, आणि हे सगळे एका ओळीच्या रुंदीत. गट नियंत्रित असल्यास शेवटी कंसातली खूण ठरलेल्या अक्षरांतच हवी. ती चुकली, तर ही यादी वाचून आपले गट लावणारे सर्व्हर गटाला अनियंत्रित धरू शकतात. मग तिथले संदेश नियंत्रकाकडे न जाता थेट गटात पडतात, आणि काही सर्व्हरांवर एक गट, काहींवर दुसराच, अशी अवस्था होते.

नाव : चर्चेतला सर्वाधिक वेळ नावावर जातो आणि तो योग्यच आहे. नाव डावीकडून उजवीकडे व्यापकाकडून विशिष्टाकडे जाते. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी या गटाच्या नावात समाज, संस्कृती, भारतीय आणि मराठी अशी उतरंड दिसते. नावात लहान लिपीतली रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतात. दोन टिंबांमधला घटक पूर्वी 14 अक्षरांपेक्षा लांब ठेवत नसत, कारण जुन्या युनिक्स या संगणकप्रणालीत फायलीच्या नावाची मर्यादा तेवढीच होती आणि प्रत्येक घटकाची एक निर्देशिका (फोल्डर) बने. एखाद्या गटाचे उपगट पाडायचे असतील, तर उरलेल्या गप्पांसाठी .मिस्क हा शेपटाचा गट ठेवण्याची प्रथा आहे. तो नसेल तर कुठेच न बसणारे संदेश सगळ्या उपगटांत शिंपडले जातात.

शाखेची निवड हा केवळ वर्गीकरणाचा प्रश्न नव्हता. अनेक सर्व्हर साय. शाखा पूर्ण घेत, पण करमणुकीची म्हणून रेक. शाखा टाळत किंवा तिच्यातले निवडकच गट घेत. त्यामुळे प्रसार वाढावा म्हणून छंदाचे विषय विज्ञानाच्या शाखेत घुसवण्याचा मोह होई. मत्स्यालयांच्या गटाला साय.ॲक्वेरिया म्हणायचे की रेक.ॲक्वेरिया, यावर 1989 मध्ये झालेला वाद पुढे वर्षानुवर्षे दाखल्यासारखा सांगितला गेला.

मतदानाची रीत : चर्चा पुरेशी झाली की मतदानाची हाक, म्हणजे सीएफव्ही (कॉल फॉर व्होट्स), निघे. सुरुवातीला प्रस्तावकच मते गोळा करत आणि मोजत. त्यात संशयाला जागा राही. म्हणून 1993 मध्ये त्रयस्थ स्वयंसेवक मतसंकलकांचा गट (यूजनेट व्हॉलंटियर व्होटटेकर्स, यूव्हीव्ही) उभा राहिला आणि त्यानंतर मोजणी त्यांच्याकडे गेली. मतसंकलकाला त्या प्रस्तावात रस नसावा, ही त्यांची पहिली अट. मुदत किमान 21 आणि जास्तीत जास्त 31 दिवस.

मतपत्रिका सीएफव्हीतच असे. मतदाराने ती आपल्या उत्तरात घेऊन प्रत्येक गटासमोरच्या चौकटीत हो, नाही, तटस्थ किंवा रद्द यांपैकी एक शब्द लिहायचा, खाली खरे नाव लिहायचे आणि मतसंकलकाच्या पत्त्यावर स्वतःच्या ईमेलवरून पाठवायचे. गटात जाहीर टाकलेले मत मोजले जात नाही. इतरांच्या वतीने मत देता येत नाही, मग पाठवणारा त्या संस्थेचा संगणकप्रमुख का असेना. एका माणसाचे एकच मत, खाती कितीही असोत. मत बदलता येते आणि शेवटचे धरले जाते. एकाच प्रस्तावात चार गट असले तर चारही ओळी भराव्या लागतात. ‘सगळ्यांना हो’ असे मोघम लिहिलेले मत मोजणीच्या प्रोग्रामला वाचता येत नाही आणि ते हाताने तपासण्याच्या ढिगात जाते.

प्रत्येक मताला पोच मिळते. मुदतीच्या मध्यावर सीएफव्ही पुन्हा प्रसिद्ध होतो आणि ज्यांची पोच परत आली, म्हणजे पत्ता चालला नाही, त्यांची यादी त्यात येते. मधले आकडे मात्र कधीच जाहीर करत नाहीत. ते फुटले, तर हरत असलेली बाजू मतदार गोळा करायला धावते आणि जिंकत असलेली आळसावते. दोन्हींनी मोजमाप बिघडते.

आकड्यांचे गणित : बिग एटमध्ये गट मंजूर व्हायला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागत. ‘हो’ मते ‘नाही’पेक्षा किमान 100 ने जास्त हवीत आणि एकूण वैध मतांत ‘हो’चा वाटा किमान दोन-तृतीयांश हवा. तटस्थ मते कोणत्याच बाजूला धरत नाहीत. 150 विरुद्ध 60 असा निकाल लागला, तर ‘हो’चा वाटा 71 टक्क्यांवर असूनही फरक 90 चाच राहतो आणि गट पडतो. 260 विरुद्ध 140 मध्ये फरक 120 आहे, पण वाटा 65 टक्के, म्हणून तोही पडतो. 130 विरुद्ध 20 मंजूर. विरोधी मते 100 पेक्षा कमी असतील तर फरकाची अट जड जाते, 100 च्या वर गेली की दोन-तृतीयांशाची. नेमकी 100 असतील तर दोन्ही अटींना 200 च ‘हो’ मते लागतात. म्हणजे कमी विरोधात प्रत्येक ‘नाही’ एक ‘हो’ खाते, जास्त विरोधात दोन.

निकालात दोन्ही बाजूंच्या मतदारांची नावे आणि पत्ते छापले जात, म्हणजे कोणालाही आपले मत ताडून पाहता येई. पारदर्शकतेचा हा सर्वांत भक्कम भाग, आणि पुढे तोच नडला. जाहिरातबाजांनी याच याद्यांतून पत्ते उचलायला सुरुवात केल्यावर लोक मत द्यायला कचरू लागले. निकालानंतर पाच दिवस हरकतींसाठी ठेवत. पडलेला प्रस्ताव सहा महिने पुन्हा आणता येत नसे.

कुठे बिनसते : सर्वांत सामान्य चूक म्हणजे प्रचार. सीएफव्ही संबंधित गटांत आणि टपालयाद्यांत कळवायला हरकत नाही, पण भरलेली मतपत्रिका वाटली की त्यातून आलेली मते बाद होऊ शकतात आणि क्वचित सगळे मतदानच रद्द करावे लागते. उत्साही समर्थक आपल्या कार्यालयातल्या दहा जणांना एकाच संगणकावरून मते द्यायला लावतात. ती शब्दशः सारखी येतात आणि मतसंकलकाच्या लगेच लक्षात येतात. अशी मते बाद झाल्यावर जो कांगावा होतो, त्याने काठावरचे लोकही विरोधात जातात.

दुसरी गडबड ‘नाही’ मताच्या अर्थाची. विषय आवडत नाही म्हणून ‘नाही’ म्हणणे या पद्धतीत अपेक्षित नाही. ज्याला गट वाचायचा नाही त्याने गप्प बसावे, आणि नाव चुकीचे आहे, दुसऱ्या गटाची वाहतूक विनाकारण फुटेल किंवा सनद घातक आहे असे वाटणाऱ्याने ‘नाही’ म्हणावे, अशी अपेक्षा होती. ती पाळली जाणे कठीणच होते. 1996 मध्ये रेक.म्युझिक.व्हाइट-पॉवर या गटाच्या प्रस्तावाला विरोध करा, असे आवाहन यूजनेटबाहेरही पसरले आणि निकाल 592 विरुद्ध 33,033 असा लागला. प्रस्ताव पडला यात आश्चर्य नाही. पण त्या आकड्यातून गटाच्या वाचकसंख्येविषयी काहीच कळले नाही. शेकड्यांच्या मोजणीसाठी बेतलेले यंत्र तिथे कामाचे राहिले नव्हते.

निर्मिती : मंजूर गटासाठी ‘न्यूग्रुप’ हा नियंत्रण-संदेश (सर्व्हरांना उद्देशून असलेली सूचना) सोडला जातो. असा संदेश कोणीही खोट्या नावाने पाठवू शकत असल्याने 1990च्या दशकात त्यावर पीजीपी स्वाक्षरी, म्हणजे पाठवणारा खरा असल्याची डिजिटल खूण, आली. सर्व्हर स्वाक्षरी तपासतो आणि चालकाने नियमांच्या फायलीत जे लिहिले असेल त्यानुसार गट आपोआप उघडतो, चालकाला पत्र पाठवतो किंवा नुसती नोंद करून सोडून देतो. मतदान जिंकूनही गट आपल्या सर्व्हरवर का दिसत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार इथेच उगवते. मतदानाने कोणत्याही चालकावर सक्ती होत नाही. अशा वेळी आपल्या सर्व्हरच्या चालकाला गटाचे नाव आणि निकालाचा संदर्भ देऊन विनंती करणे एवढाच उपाय असतो.

स्थानिक आणि भाषिक शाखा : शंभर मतांच्या फरकाची अट एखाद्या शहराच्या किंवा लहान भाषेच्या विषयाला परवडत नाही, आणि असा विषय जगभर वाहून नेण्यातही अर्थ नाही. म्हणून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को बे एरियाची बा., ब्रिटनची यूके., जर्मन भाषेची डे., फ्रेंचची एफआर. अशा शाखांनी स्वतःची व्यवस्था लावली. प्रत्येकीचा घोषणा-गट आणि वादाचा गट वेगळा. बा.कॉन्फिग हे बे एरियातले असे ठिकाण. डे. शाखेत चर्चा आणि मतदान हे दोन्ही टप्पे काटेकोर पाळले जातात, आणि मोजणीसाठी तिथल्या स्वयंसेवकांनी यूजव्होटगेर हा प्रोग्राम बनवला. यूके. शाखेने निर्विवाद प्रस्तावांसाठी जलद मार्ग ठेवला. ठरलेल्या मुदतीत सबळ हरकत आली नाही, तर मतदान न घेताच गट निघतो. लहान समूहाला हाच मार्ग अधिक शहाणपणाचा. वीस जणांचे मत मोजायला महिनाभर यंत्रणा राबवण्यात हशील नाही.

स्थानिक गटाचा प्रस्ताव मांडताना दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. त्या भागातले किती सर्व्हर ही शाखा घेतात, ही पहिली. आणि शाखेतला सर्वसाधारण गट खरोखर ओसंडून वाहतो आहे का, ही दुसरी. सर्वसाधारण गटात विषयाचे दिवसाला दोन-तीन संदेश येत असतील, तर वेगळा गट काढल्यावर तेही आटतात. वाचणारे जुन्याच जागी राहतात आणि लिहिणारे रिकाम्या खोलीत जातात. संदेशाच्या शीर्षभागातले ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे क्षेत्र लिहून प्रसार एका प्रदेशापुरता ठेवता येईल, ही जुनी समजूत प्रत्यक्षात टिकली नाही. बहुतेक सर्व्हर ते क्षेत्र पाळत नसल्याने स्थानिक संदेश जगभर गळत राहिले.

मतदानाची अखेर : 2000 नंतर वाचक वेब आणि अन्य माध्यमांकडे गेले आणि शंभराचा फरक गाठणे चांगल्या विषयांनाही जमेना. 2005-06 मध्ये बिग एटचा कारभार एका व्यवस्थापन मंडळाकडे गेला. तेव्हापासून आरएफडी आणि चर्चा राहिली, पण शेवटचा निर्णय मंडळाचे सदस्य आपसात मत देऊन घेतात. ओस पडलेले गट काढून टाकण्यासाठी ‘आरएमग्रुप’ हा उलट संदेश आहे. मात्र पुष्कळ चालक तो आपोआप अमलात आणत नाहीत, आणि त्यामुळे अधिकृत यादीतून वगळलेले गट काही सर्व्हरांवर अजूनही उघडेच सापडतात.