पोटात सापडलेला साप

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला चियापास हे डोंगराळ राज्य आहे. १९७६ मध्ये तिथल्या जंगलात पामची पानं तोडणाऱ्यांना एक पोवळा साप मिळाला. पोवळा विषारी, आणि भाऊबंदांवरच जगणारा. लहानसहान साप हे त्याचं आवडतं खाद्य. संशोधकांनी त्याचं पोट तपासलं, तर आत आणखी एक साप! जेमतेम २६ सेंटिमीटर लांबीचा, नर.

तो कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसेना.

सापाची जात ठरवताना नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही. खवल्यांच्या रांगा आणि दात मोजावे लागतात, कवटी पाहावी लागते. नराच्या जननेंद्रियाची ठेवणही तपासतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण सर्पशास्त्रात हा फार भरवशाचा पुरावा मानला जातो, कारण ती ठेवण जातीगणिक बदलते. या सापाची हीच ठेवण त्या भागातल्या नातेवाइकांशी जुळत नव्हती. त्याच्या इंद्रियावर काटे नव्हते, सगळीकडे नुसते खळगे होते. शेपटीखालचे खवले नातेवाइकांत मधोमध दुभंगलेले असतात, याचे अखंड होते. कवटीही निराळी.

एवढं सगळं असूनही नाव मिळायला २०१८ उजाडलं. जोनाथन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी थेट नवी प्रजातीच (जवळच्या जातींचा गट, जीनस) उभी केली: सेनास्पिस एनिग्मा. लॅटिनमध्ये ‘सेना’ म्हणजे रात्रीचं जेवण, ‘अस्पिस’ म्हणजे साप. थोडक्यात, जेवणातला गूढ साप. शास्त्रीय नावांत इतका मिश्किलपणा क्वचितच सापडतो.

मधल्या बेचाळीस वर्षांत संशोधक त्या भागात पुन्हा पुन्हा जाऊन आले. जिवंत सेनास्पिस काही हाती लागला नाही. त्यामुळे संपूर्ण जातीचं वर्णन त्या एका, गिळंकृत झालेल्या नमुन्यावर उभं आहे. नवी जात जाहीर करताना जो नमुना आधार म्हणून जपून ठेवतात, त्याला होलोटाइप म्हणतात. इथे होलोटाइप म्हणजे कुणाचातरी शेवटचा घास.

पण त्या देहानेही बरंच सांगितलं. दातांवरून तो किडे, कोळी असं काहीबाही खात असावा. पाठीवर नक्षी नाही, अंग दंडगोल. म्हणजे बहुधा मातीत, पालापाचोळ्याखाली वावरणारा. अशा प्राण्याला जमिनीवर फिरून शोधणं कठीणच. पोवळ्याला ती अडचण नव्हती, तो शिकारीसाठी पाचोळ्यात आणि बिळात शिरतो.